टिकड्या घातलेले गहू

उन्हाळा लागला की माझ्या आईचं मोठं काम म्हणजे गहू भरणं. आमचं गाव सायखेड्याच्या अलीकडे. वडिलांची थोडी जमीन आहे आणि तिच्यात दर हिवाळ्यात गहू असतो. मळणी झाली की आई गहू अंगणात पसरते, कडक ऊन देते, चाळते, खडे निवडते आणि मग वर्षाचे गहू भरते. एक कोठी घरची, आणि पोती माझ्या थोरल्या बहिणीच्या घरची. ताई लग्न होऊन नाशकात सिडकोत आली तेव्हापासून तिच्या सासरी गहू विकत आणलेले नाहीत. आईला याचा मोठा अभिमान होता. "माझ्या लेकीच्या घरात पोळी माझ्याच गव्हाची होते," असं ती एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायची.

पूर्वी आई गव्हात कडुलिंबाचा पाला घालायची. एका वर्षी पावसाळ्यात ताईकडच्या गव्हाला सोंडे लागले. ताईची सासू सिन्नरकडची, जिभेने फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. परातीतले सोंडे बघून ती म्हणाली, "विहीणबाईंनी यंदा गव्हाबरोबर कालवणबी पाठवलंय वाटतं." घरात सगळे हसले. ताईने फोनवर आईला हे हसत हसतच सांगितलं. आई हसली नाही. पुढच्या वर्षापासून तिने गव्हात टिकड्या घालायला सुरुवात केली. दुकानदाराने सांगितल्या त्यापेक्षा ओंजळभर जास्तच घालायची.

या टिकड्या आमच्या भागात घरोघर असतात. करड्या रंगाच्या, लहान पेढ्याएवढ्या. किराणा दुकानात पुड्यात मिळतात, पुड्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं. गव्हाचा एक थर दिला की चार टिकड्या टाकायच्या, परत थर द्यायचा. दळणाला गहू काढताना त्या वेचून बाजूला ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी त्याच परत वापरायच्या. त्यांत काय असतं हे कुणी विचारत नाही. कीड लागत नाही, वास येत नाही, हात खाजत नाहीत, मग विचारायचं कशाला?

ताईचं घर दोन खोल्यांचं. तिथे कोठी ठेवायला जागा नाही. म्हणून आतल्या खोलीतल्या पलंगाच्या खोक्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून गहू मोकळेच ओततात. वर फळ्या, फळ्यांवर गादी. नाशकात असे गव्हावर झोपणारे संसार कितीतरी आहेत. ताई, दाजी आणि माझी भाची त्या पलंगावर झोपत. भाचीला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. ती बोलायला लवकर लागली आणि चालायला तर त्याहून लवकर. चालायची म्हणजे पळायचीच. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज आला की खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या, "निघाली तुमची शिवशाही."

दिवाळीनंतर थंडी पडली. खिडक्या बंद झाल्या. त्याच सुमारास पोरगी किरकिरी झाली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, जंत असतील. मग तिला घाम यायला लागला. बाहेर आम्ही स्वेटर घालून फिरत होतो आणि ती घामाने चिंब. तिचे तळहात आणि तळपाय लाल मुळ्यासारखे गुलाबी झाले आणि त्यांची सालं निघायला लागली. रात्र रात्र झोपेना. उजेड नको म्हणायची, तोंड ताईच्या कुशीत खुपसून बसायची. आणि मग एक दिवस ती पलंगावरून उतरलीच नाही.

"पाय दुखतात. उचल," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिने चालणं सोडलं. उभी केली की गुडघ्यातून मोडल्यासारखी खाली बसे. चालून दमलेलं मूल कडेवर घ्या म्हणतं, ते निराळं असतं. हिच्या पायांत काही उरलंच नव्हतं. ताईच्या मनात त्या दिवसापासून एकच प्रश्न होता आणि तो ती भेटेल त्याला विचारायची. डॉक्टरांना, नर्सला, रिक्षावाल्याला, मला. "चालेल ना ती परत?"

मी या घरात शिकलेली. आमच्या दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली मी एकटी. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड., आणि आता नाशकातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी काय काय सोसलं ते मला ठाऊक आहे आणि त्या उपकारांची जाणीव माझ्या मनातून कधी जात नाही. म्हणून कुणी आजारी पडलं की सगळे माझ्याकडे बघतात. डॉक्टर इंग्रजीत काही बोलले की ताईची सासू मला कोपराने ढोसते, "काय म्हनले, मास्तरीणबाई?" त्या दिवसांत मी डॉक्टरांचं जे सांगत होते ते शब्दशः बरोबर होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, मी सांगितलं व्हायरल आहे. दुसरे म्हणाले सांध्यांचा ताप असू शकतो, मी तसं सांगितलं. मोठ्या दवाखान्यात तिचं ब्लडप्रेशर मोजलं तर ते एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखं वाढलेलं. अडीच वर्षांच्या मुलीला ब्लडप्रेशर! मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल म्हणून पोट तपासलं. गाठ नव्हती. गाठ नाही म्हटल्यावर आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. गाठ असती तर निदान नाव तरी कळलं असतं, म्हणाली.

शेवटी एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी पोरीचे तळहात बराच वेळ बघितले, वास घेतल्यासारखे नाकाजवळ नेले आणि विचारलं, "घरात पारा कुठे आहे का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"थर्मामीटर फुटला होता? सोनारकाम कुणी करतं? गळ्यात पाऱ्याचा मणी, पाऱ्याची पिंड, असलं काही? चेहरा उजळायची क्रीम?"

ताई सगळ्याला नाही म्हणत गेली. थर्मामीटर बॅटरीवरचा होता. दाजी सातपूरच्या कारखान्यात लेथवर. क्रीम ती दाजींसमोर लावायलाही लाजायची, तिच्याकडे एकच, हिवाळ्यात पाय फुटतात त्याची.

"बाहेरचं काही औषध? भस्म? गुटी?"

आणि सगळ्यांच्या माना सासूकडे वळल्या.

सासू नातीला गुटी देत असे. सहाणेवर हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड असं काहीबाही उगाळून. डबी सिन्नरच्या काष्टौषधीच्या दुकानातली. तिने चारही मुलं याच गुटीवर वाढवली होती. माझी आई तेव्हा गावाहून आली होती आणि बाकावर बसली होती. इतके दिवस जे तिने गिळलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मी म्हनतच होते. पोरीला काय काय उगाळून घालत्यात, नाय का कुनाला विचारायचं, नाय सवरायचं."

"माझी गुटी पिऊन तुमचा जावई एवढा झाला, विहीणबाई," सासू म्हणाली. "मेला नाय."

"माझी नात हाय ती."

"आनि माझी कोन? भाड्यानं आनली का?"

नर्सने येऊन दोघींना गप्प केलं. सासूने त्याच दिवशी घरी जाऊन, नवी नाही, वापरातलीच डबी आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "तपासा," म्हणाली. "माझ्यापासून झालं असंल तर मला सांगा. लपवू नका." आमच्यापैकी कुणीही तिच्याशी दोन दिवस नीट बोललं नाही. ती दवाखान्याच्या बाहेर वडाच्या पारावर बसायची आणि डबा आला की उचलून आत आणून द्यायची.

लघवीचा नमुना मुंबईला गेला, त्याबरोबर गुटीची डबीही. एवढ्याशा मुलीची दिवसभराची लघवी गोळा करणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळेल. चिकटवलेली पिशवी ती ओढून काढायची, कातडी सोलवटली होती, आम्ही दोघी तिचे हात धरायचो आणि ती "मावशी सोड, मावशी सोड" म्हणायची. मी सोडत नव्हते.

उत्तर आलं. पारा होता, आणि भरपूर होता. गुटीच्या डबीत मात्र काही निघालं नाही. डॉक्टरांनी शरीरातला पारा लघवीवाटे काढणारं औषध सुरू केलं. ते म्हणाले, "घरात तो कुठे आहे ते शोधा. मोठ्यांना जाणवला नाही तरी लहान मुलाला तो बाधतो. नाहीतर पत्रा गळत असताना जमीन पुसण्यासारखं होईल हे." दवाखान्यात पोरगी जरा शांत झाली होती. रात्री थोडी झोपायची. म्हणून चार दिवस घरी न्या म्हणाले. घरी आणली तर दुसऱ्याच दिवशी घाम, रडणं आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहणं पुन्हा सुरू.

आम्ही घर उलटंपालटं केलं. देव्हारा, औषधांचा डबा, जुनी ट्यूबलाइट, खेळण्यांतले सेल. दाजींनी कारखान्यातले कपडे बाहेर काढून ठेवले. काही सापडेना. चौथ्या दिवशी दुपारी घरातलं पीठ संपलं. माणूस आजारी असलं तरी पोळ्या लागतातच. ताई म्हणाली, "जरा फळी धर, दळण काढते."

आम्ही गादी गुंडाळली. मी पलंगाची फळी उचलून धरली. पोरगी बाहेरच्या खोलीत सासूच्या मांडीवर होती. ताई आत वाकून पितळी शेराने गहू डब्यात भरत होती आणि मध्ये लागलेल्या टिकड्या झटपट वेचून स्टीलच्या वाटीत टाकत होती. टणक. टणक. बायकांचा हात या कामाला सरावलेला असतो, बघावंही लागत नाही.

तो आवाज ऐकून बाहेरून पोरगी ओरडली, "माझे पेढे! आई, माझे पेढे दे!"

कितीतरी दिवसांनी तिने रडण्याशिवाय काही मागितलं होतं. सासूचा चेहरा उजळला. तिने तिला उचलून दारात आणलं. पोरीने वाटीकडे दोन्ही हात पसरले.

"हे खेळायचे का?" मी विचारलं.

"अगं, भातुकलीत घेते ती," ताई म्हणाली. "वेचलेल्या असतात ना त्या. ताटल्यांत मांडते, पेढे करते, बाहुलीला भरवते. उशीखाली घेऊन झोपते मेली. मीच दिल्या, म्हटलं गव्हातल्याच तर आहेत."

वाटीतल्या टिकड्या आईने पाठवल्या तेव्हा पेढ्याएवढ्या होत्या. आता काही अर्ध्या, काहींचा नुसता चुरा. मी फळी भिंतीला टेकवली आणि मोबाइलचा उजेड खोक्याच्या कोपऱ्यात मारला. प्लॅस्टिकच्या घडीत कोंडा साचला होता, आणि कोंड्यात चमकत होते बारीक बारीक थेंब. मोहरीएवढे, त्याहून लहान. मी कागद जरा हलवला तर दोन थेंब एकमेकांकडे पळाले आणि एक झाले.

पारा ओळखायला बी.एस्सी. लागत नाही. पण तो त्या खोलीत फक्त मलाच ओळखू आला, आणि मी तोंड उघडून कुणाला काही सांगण्याआधी सासूच्या कडेवरून पोरगी वाटीकडे झेपावत होती. मी वाटी मागे लपवली. तिने असा टाहो फोडला की खालच्या आजी जिना चढून वर आल्या.

आईला कसं सांगायचं यावर आम्ही फार डोकं चालवलं नाही, कारण वेळच मिळाला नाही. ती संध्याकाळी माझ्या घरून डबा घेऊन आली, तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत, आतली खोली बंद, पाऱ्याची वाफ निघून जावी म्हणून खिडक्या सताड उघड्या. तिने विचारलं आणि ताईने सांगितलं. आई आधी समजलीच नाही.

"गव्हात? माझ्या गव्हात काय?"

"गव्हात नाही गं, टिकड्यांत."

"टिकड्या तर मी मोजून नाय, जास्तच घातल्या. कीड लागू नये म्हनून. तुझ्या घरात परत कुनी बोलू नये म्हनून."

ती हे बोलली आणि तिने सासूकडे बघितलं. आता सासूची पाळी होती. तिच्या डबीवरून तिला काय काय ऐकावं लागलं ते आम्हा सगळ्यांच्या कानात होतं. सासू उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "माझ्या डबीला मुंबई दाखवली तुमी." मग थोडं थांबून म्हणाली, "सोंड्यावरून मी बोलले नसते तर त्यांनी तरी कशाला घातल्या असत्या." आणि आत जाऊन तिने चहा टाकला. चहा सगळ्यांसमोर ठेवला, आईसमोरही. आईने तो घेतला नाही. कपावर साय धरली तरी ती बशीकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना रविवार कारंज्याजवळच्या एका मोठ्या किराणा दुकानात गेले. टिकड्या मागितल्या. दुकानदाराने लगेच पुडा पुढे केला. ओंबीचं चित्र, आणि मागे अगदी बारीक अक्षरांत ‘पारद’.

"हे विकू नका हो," मी म्हणाले. "यात पारा आहे. आमच्या घरातलं मूल आजारी पडलंय यानं."

"मॅडम, औषध नाहीये हे. आयुर्वेदिक आहे. औषधवाल्या पावडरी असतात ना, त्या डेंजर. हे एकदम सेफ."

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच असणार," तो नम्रपणे म्हणाला. "खायचं नसतं ते. मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. आपण घरात फिनेल ठेवतो की नाही?"

माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "आमच्याकडे वीस वर्षं घालतोय बाई. माझी नातवंडं बघा, घोड्यासारखी आहेत." आणि त्यांनी माझ्यासमोर दोन पुडे घेतले. ते खोटं बोलत नव्हते.

घरी येताना मला माझे शाळेतले सर आठवले. खेड्यातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एका जाड बाटलीत पारा होता. ज्याचं उत्तर बरोबर येईल त्याच्या तळहातावर सर त्या बाटलीतला थेंब सोडायचे. एवढासा थेंब पण केवढा जड, आणि हातात धरावा तर धरता येत नाही. मी पहिल्यांदा तो धरला त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, मला हेच शिकायचंय. सरांनी तो थेंब माझ्या हातावर ठेवला नसता तर मी कदाचित आज शेतात खुरपत असते. मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. रागवायला कुणी तरी हवं होतं त्या दिवशी, पण सर आठवले, आई आठवली, ताई आठवली, आणि राग धरायला एकही माणूस मिळाला नाही.

मग प्रश्न आला गव्हांचा. अख्ख्या वर्षाचे गहू, त्यांत पारा. घंटागाडीत टाकावेत तर गाडीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, चांगले गहू आहेत की. मी नेतो घरी." त्याला समजावलं तर तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू मी त्याला द्यायला कचरतेय. नदीत तर टाकणं शक्यच नव्हतं. पुरावेत तर कुठे? जाळावेत तर पारा हवेत. मी महापालिकेत फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्यांनी पहिलाच दिला. माझ्या कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. त्यांनी फार आपुलकीने सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हवाबंद करून ठेव, कुणी हात लावणार नाही असं बघ. याहून जास्त मलाही सांगता येत नाही गं." सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक वर्गमित्र आहे, त्यांच्याकडे घातक कचऱ्याची गाडी येते. तो म्हणाला, कंपनीच्या बाहेरचं एक पोतंही मी त्यात घालू शकत नाही, नोकरी जाईल. त्याचं बरोबर होतं.

ते गहू निळ्या पिंपांत भरून, झाकणं पक्की करून, ताईच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवले आहेत. अजून तिथेच आहेत. पिंपांवर मी मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहून ठेवलं आहे. आई गच्चीवर कधी जात नाही. गावाकडची कोठी तिने रिकामी केली, आणि शेजारणींना सांगत फिरली. शेजारणी म्हणाल्या, "तुमच्या पोरीचं काय वेगळंच असंल. आमच्याकडं कुनाला काय झालंय?" एकीने तर तिच्या देखत त्या उन्हाळ्यात टिकड्या घातल्या. आई मला म्हणाली, "मी त्यांच्या दारात जाऊन काय रडू का आता?"

गादी, उशा, पलंग सगळं गेलं. ताईचं घर स्वच्छ होईपर्यंत ती पोरीला घेऊन माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आली. औषध चालूच होतं. घाम थांबला. तळहातांना नवी कातडी आली. ब्लडप्रेशर उतरायला लागलं. पोरगी हसायलाही लागली, आधीसारखी नाही, पण हसायची. पाय मात्र तसेच. पायांत ताकद येईल, पण कधी आणि किती, हे सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. लहान मुलांची शरीरं भरून येतात, म्हणाले. प्रत्येकाची येतात का, असं ताईने विचारलं, तर ते औषधाची बाटली उजेडात धरून बघत राहिले.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी येते. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, "तुम्ही सगळे तिला उचलता ना, ते बंद करा. ती रडेल, तरी उचलायचं नाही. तिचं तिला उठू द्या. तुमचे हात म्हणजे तिचे पाय झालेत." ताई तिला म्हणाली, "तुम्हाला मूल आहे का?" ती मुलगी म्हणाली, "नाही, ताई. म्हणून तर सांगू शकते."

तेव्हापासून आमची रोजची सकाळ अशी जाते. रविवारी दाजी असतात, आई असते, सासूही येते. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर पोरगी, आणि खिडकीजवळ लाकडी खुर्ची. खिडकीच्या बाहेर कबुतरं येतात, ती तिला बघायची असतात. आम्ही सगळे भिंतीला टेकून बसतो.

परवाच्या रविवारी ती आधी ताईकडे वळली. "आई, उचल." ताईने मान हलवली. मग दाजी. ते मोबाइलमध्ये बघू लागले, मोबाइल उलटा होता. "आजी, तू उचल." सासू लसणाच्या पाकळ्या सोलत होती, ती सोललेल्याच पाकळ्या परत सोलायला लागली. "राजा, ऊठ बरं. कबूतर जातंय बघ उडून," ती खाली मान घालून म्हणाली.

"मावशी."

मी नाही म्हणाले.

मग तिने माझ्या आईकडे बघितलं. आईला ती सर्वांत शेवटी विचारते, कारण आई सर्वांत आधी विरघळते, हे तिला ठाऊक आहे. आईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. गहू पाखडून पाखडून रापलेले तिचे हात, ते तिने स्वतःच्याच वजनाखाली घातले होते.

"नाय माय," ती म्हणाली. "मला नाय उचलता येत."

पोरगी थोडा वेळ रडली. मग मागणं थांबवलं तिने. गाल फरशीला लावून आडवी झाली आणि एकेकाकडे बघत राहिली. तिच्या रडण्यापेक्षा ते बघणं सोसायला कठीण होतं. मग सरपटत ती खुर्चीपाशी गेली. खुर्चीची दांडी धरली. गुडघा उचलला, दुसरा उचलला, ढुंगण फरशीवरून सुटलं. पाय लटलट कापत होते. कमरेतून ती अर्धी उभी झाली, आणि धपकन खाली बसली.

कुणी हललं नाही. ताईच्या तोंडून फक्त "आई गं" एवढं निघालं.

पोरीने दांडी सोडली नव्हती. तिने परत गुडघा उचलला.